ब्रेक बदलणारे आणि सायलेन्सर कापणारे एकाच माळेचे मणी कसे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकपत्रांत गेल्या आठवड्यात 'मॉडिफाय केलेल्या सगळ्या गाड्या जप्त करा' अशा आशयाचं पत्र आलं. रात्री बारानंतर फटाके फोडत जाणाऱ्या बुलेटवर पत्रलेखकांचा जो राग आहे तो माझाही आहे. आमच्या गल्लीतून अशी एक रोज जाते, आणि तिच्या मागून गल्लीतली सगळी कुत्री. असले सायलेन्सर रस्त्यावर मांडून पोलिसांनी त्यांच्यावर रोडरोलर फिरवल्याचा फोटो आपण छापता तेव्हा मला बरंच वाटतं. पण त्याच पत्रात पुढे 'जुन्या गाड्या घरी खोलून त्यात मनाला येईल ते करणारे हौशी' हेही त्याच पंगतीत बसवले आहेत. त्या पंगतीत मी येतो, म्हणून हा कागद.

मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा शिल्पनिदेशक होतो. निवृत्त झाल्यापासून सांगलीच्या गावभागातल्या घराच्या पडवीत १९६५ सालची दोन दारांची स्टँडर्ड हेरल्ड उभी करतोय. नव्या पिढीला नाव माहीत नसेल. मद्रासला १९६१ पासून ही गाडी बनायची. हिच्याच चासीची, म्हणजे खालच्या सांगाड्याची, लांबी कमी करून ब्रिटनमध्ये १९६२ साली ट्रायम्फ स्पिटफायर नावाची स्पोर्ट्स कार काढली. दोन्हींचा आकार इटलीच्या मिकेलोटी या डिझायनरचा. दोन्हींचं बोनेट मडगार्डांसकट अख्खं पुढे उलटतं आणि इंजिन तिन्ही बाजूंनी उघडं पडतं. टायरवर बसून काम करावं इतकं ते सोयीचं आहे. आता हेरल्डला स्पोर्ट्स कार म्हणायचं का, यावर जाणकारांनी भांडावं. माझ्या मते ती स्पोर्ट्स कारची थोरली बहीण, आणि मी तिला धाकटीचे चार गुण लावतोय एवढंच. पडवीत कपडे वाळत घालायची दोरी होती तिथे सध्या बोनेट टेकवलेलं असतं. त्यावरून घरात जे बोललं जातं ते छापण्याजोगं नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फूट ओलांडले, तेव्हा ही गाडी एका दिवंगत डॉक्टरांच्या वाड्यामागे छपराखाली होती. पाणी टपावरून गेलं. नंतर भंगारवाला किलोच्या भावाने मागत होता, मी त्याच्यापेक्षा थोडे जास्त दिले. हेरल्डची बॉडी तुकड्यातुकड्यांनी नटबोल्टवर बसवलेली असते, म्हणून घरी खोलता येते. आजच्या गाडीच्या बाबतीत हे स्वप्नातही शक्य नाही. बॉडी उतरली आणि खरं दुखणं कळलं. चासीपासून दोन्ही बाजूंना जे पोकळ हात निघतात, त्यांवर बॉलपीन हातोडी मारली की ठण्ण आवाज यायला हवा. इथे येत होता बद्द. खालून ड्रिल मारलं तर भोकातून काळा-करडा गाळ लोंबत बाहेर आला आणि त्यात उसाच्या पाचटाचे तुकडे. आतून पत्रा वाळवीने खाल्ल्यासारखा झालेला. ते हात कापून १६ गेजच्या पत्र्यातून नवे केले, सीओटू वेल्डिंगने जोडले, आतून मेण मारलं, आणि पाणी निचरायला प्रत्येकाच्या तळाला एक भोक ठेवलं. कारखान्याने ते ठेवलं नव्हतं. म्हणजे हाही बदलच झाला! जुलै २०२१ ला पाणी परत चढलं तेव्हा चासी ट्रॉलीत घालून विश्रामबागला पाहुण्यांकडे पोचवली. इंजिन वरच्या मजल्यावर आधी गेलं आणि फ्रीज नंतर, हे मला आजही ऐकवलं जातं.

आता पत्रलेखकांच्या 'मनाला येईल ते' बद्दल. हेरल्डला मुळात चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि सगळ्यांना मिळून एकच ऑइलची लाइन. एक होजपाइप फुटला की पेडल थेट पाटीला टेकतं आणि चारही चाकं मोकळी. १९६५ साली सांगलीत टांगे होते, तेव्हा खपून गेलं. आज अंकली फाट्यावर उसाच्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आडवा आला तर काय? स्पिटफायरला पुढे पहिल्यापासून डिस्क ब्रेक होते आणि पुढच्या चाकाची सगळी जोडणी दोघींची एकाच घराण्यातली. म्हणून मी पुढे डिस्क घेतल्या, आणि पुढची-मागची लाइन वेगळी करणारा दुहेरी मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेकचं ऑइल ढकलतो तो) घातला. पुढच्या सीटना पट्टे लावले. चासीला नट वेल्ड करून, पत्र्याला स्क्रू मारून नव्हे. इंजिन तेच ९४८ सीसी आणि नंबरही तोच. रंगसुद्धा तोच, आंब्याच्या कोयीसारखा फिकट पिवळा. सौ.ना लाल हवा होता.

बाहेरून हे काहीच दिसत नाही. आणि जे गाडीचा जीव घेतं तेही बाहेरून दिसत नाही. या गाडीच्या पुढच्या चाकात खाली ट्रुनियन नावाचा गनमेटलचा एक तुकडा असतो. त्यात पोलादी उभा दांडा आट्यांनी बसतो, आणि स्टीअरिंग फिरवलं की दांडा त्या आट्यांत फिरतो. तिथे ग्रीस चालत नाही, ९० नंबरचं गिअर ऑइल घालावं लागतं. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत पोचत नाही, तळाशी पाणी राहतं, दांडा गंजून आतून खाल्ला जातो आणि एक दिवस सरळ मोडतो. चाक मडगार्डखाली आडवं होतं, गाडी नाकावर बसते. पण दिसायला तो ग्रीस निप्पलची जागा वाटतो, म्हणून जो तो मिस्त्री तिथे ग्रीसगन लावतो. माझ्या गाडीतलं ग्रीस वर्षानुवर्षं साचून कपड्याच्या साबणासारखं झालं होतं, खिळ्याने कोरून काढावं लागलं. आटे पुसलेले, एका दांड्याला केसाएवढी चीर. नवे दांडे ब्रिटनहून मागवले, तिथे या गाड्यांचे सुटे भाग अजून बनतात. ट्रुनियन इथे गनमेटल ओतून, लेथवर काढून घेतले. ही गाडी त्या चिरेसकट, पण कारखान्यातल्या मूळ रूपात रस्त्यावर असती, तर पत्रलेखकांच्या हिशेबाने ती निर्दोष. माझी सदोष!

आणि सरकारनेच बदललेल्या गोष्टींचं काय? गाडी बनली तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं असायचं. त्याचा पातळ थर व्हॉल्व्हच्या सीटवर, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कडेवर, बसायचा, म्हणून इंजिनच्या हेडच्या बिडातच कापलेली सीट टिकायची. २००० साली देशभर शिसं बंद झालं. उत्तम झालं, लहान मुलांच्या मेंदूला ते विष होतं. पण त्यानंतर जुन्या हेडमधल्या सीट झिजून आत बसतात, टॅपेटचा गॅप मिटतो, व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि सिलिंडरातलं कॉम्प्रेशन जातं. उपाय म्हणजे हेड मशीनवर घेऊन कडक पोलादाच्या सीट ठोकायच्या. मी कोल्हापूरला उद्यमनगरात ठोकून आणल्या. त्या कारागिराचा हात बघत बसावा असा.

मग आलं इथेनॉल. २०२२ मध्ये दहा टक्के झालं, २०२५ मध्ये वीस. याविरुद्ध बोलायची मला घरातच सोय नाही, मेहुणे वाळव्याचे ऊसवाले. पण जुन्या रबराला ते चालत नाही. पेट्रोलच्या नळ्या फुगतात, मऊ पडतात, पंपाचा पडदा ताणतो, टाकीत साठ वर्षं चिकटलेली घाण सुटून कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात, येते. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. हेरल्डच्या पंपाला काचेची वाटी असते. पावसाळाभर गाडी उभी राहिली आणि सप्टेंबरमध्ये बघितलं, तर वाटीत वर पेट्रोल आणि तळाला बोटभर वेगळा, गढूळ थर. इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन खाली बसलेलं. तो थर जिथे टेकतो तिथे टाकी गंजते. मी नळ्या आणि पंपाचा पडदा व्हायटॉन या इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचा केला. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, म्हणून कार्बोरेटरचा मेन जेट एक नंबर मोठा घेतला. पेट्रोल बदललं तर ती प्रगती, आणि पेट्रोलची नळी बदलली तर मॉडिफिकेशन, हा न्याय मला कळत नाही.

कायदा इतका आंधळा नाही, हेही सांगायला हवं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की नोंदणीतले तपशील आणि उत्पादकाने दिलेले तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठणकावून सांगितलं. पण 'बदल' म्हणजे काय हेही त्याच कलमात आहे : वाहनाच्या रचनेत केलेला असा फेर, ज्याने त्याचं मूळ वैशिष्ट्य बदलतं. पेट्रोल इंजिन काढून डिझेल टाकलं, टप कापून उघडी जीप केली, तर तो बदल, आणि त्याला परवानगी हवीच. डिस्क ब्रेक आणि दुहेरी मास्टर सिलिंडर यांनी हेरल्डचं कोणतं मूळ वैशिष्ट्य बदललं? न थांबण्याचं?

रस्त्यावर मात्र कलमाचा पूर्वार्धच पाठ असतो. मध्यंतरी एका परजिल्ह्यातल्या नाक्यावर (नाव घेत नाही) मला थांबवलं. अधिकारी तरुण होते, बोलायला सभ्य. बोनेट उलटलं, ते दहा मिनिटं बघत राहिले, मग म्हणाले, "काका, पट्टे कंपनीचे नाहीत." मी म्हटलं, साहेब, कंपनीने पट्टे दिलेच नव्हते. "मग लावले कशाला?" यावर आयटीआयमध्ये इतकी वर्षं पोरांना शिकवूनही माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

कोणी म्हणेल, व्हिंटेज नोंदणी घ्या. जुलै २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी ती सोय केली, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण मग गाडी रॅलीला, प्रदर्शनाला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीलाच बाहेर काढता येते. मला ती नरसोबाच्या वाडीला न्यायची आहे, आणि तिथे प्रदर्शन नसतं. शिवाय गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल नको. पुराने खाल्लेल्या हातांच्या जागी लावलेला माझा पत्रा यात कुठे बसतो? म्हणून मी साध्या नोंदणीचं पाच-पाच वर्षांचं नूतनीकरणच धरून आहे. त्याची फी २०२२ च्या एप्रिलपासून ६०० ची ५,००० झाली, वीस वर्षांवरच्या गाड्यांना २०२५ मध्ये त्याच्याही दुप्पट, आणि वर राज्याचा पर्यावरण कर. देतो. तक्रार पैशाची नाही. पैसे घेऊन गाडी नीट तपासा, ही आहे.

तपासायचं तर मोजून तपासा. ब्रेक टेस्टरवर चढवा, चारही चाकांचे आकडे बघा. धूर मोजा. सायलेन्सरला आवाजाचं मीटर लावा. त्यात बुलेटवाला सापडेल, माझी हेरल्ड सापडणार नाही. चाक जॅकवर उचलून हाताने हलवून बघा. चाळीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी महिन्यातला एखादा दिवस ठेवावा, त्या दिवशी पॉलिटेक्निकमधला किंवा आयटीआयमधला ऑटोमोबाइलचा जाणता माणूस शेजारी बसवावा, आणि जे बदल सुरक्षेचे आहेत त्यांची नोंद आरसी बुकात शिक्क्यानिशी करून द्यावी. म्हणजे पुढच्या नाक्यावर कागद बोलेल, मला बोलावं लागणार नाही. सांगली-मिरज-कुपवाडला लेथ, फाउंड्री, टूलरूम यांची कमी नाही. किर्लोस्करवाडीला १९१० पासून यंत्रं बनताहेत. असल्या जिल्ह्यात घरी हातोडी-पान्हा चालवणारा माणूस संशयित का ठरावा?

आणि एक मागणी पेट्रोल कंपन्यांकडे. ब्रिटनने सप्टेंबर २०२१ मध्ये दहा टक्के इथेनॉल सरसकट केलं, तेव्हा जुन्या गाड्यांसाठी पाच टक्केवालं महागडं पेट्रोल चालू ठेवलं. आपल्याकडे वीसवर गेलो, पण साध्या पंपावर तसा पर्याय सहसा मिळत नाही. जिल्ह्यात एका पंपावर एक नोझल कमी इथेनॉलचं ठेवा. लिटरमागे जास्त घ्या, कुरकुर करणार नाही. गर्दीचीही काळजी नको. रांगेत आम्ही जेमतेम पंधरा-वीस जण असू, आणि त्यातले निम्मे गाडी ढकलत आलेले.

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक,
गावभाग, सांगली