उस्ताद, रिझर्व्हमधल्या मुलींकडून आभार

आदरणीय उस्ताद,

जय हिंद!

आमच्या शाळेत एनसीसी शिकवता शिकवता तुमची बदली झाली आणि तुम्ही सैन्यातल्या आपल्या पलटणीत परत गेलात, तेव्हा आमची बॅच दहावीच्या गडबडीत होती. निरोपाची परेड झाली, एएनओ मॅडम, म्हणजे शाळेतलं एनसीसीचं काम बघणाऱ्या आमच्या शिक्षिका, दोन शब्द बोलल्या, पण आम्हाला जे सांगायचं होतं ते राहूनच गेलं. तुमचा आताचा पत्ता माझ्याकडे नाही. म्हणून हे पत्र असं जाहीरपणे लिहिते आहे. तुमच्या ओळखीच्या कुणी वाचलं, तर तुमच्यापर्यंत पोहोचेल अशी आशा आहे.

शाळेतली एनसीसी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीची परेड येते. कडक इस्त्री, टोपीवरचा लाल तुरा म्हणजे हॅकल, खाडकन पडणारे बूट. ते सगळं खरंच आहे, पण ज्युनियर विंगची, म्हणजे शाळकरी मुलींच्या एनसीसीची, दोन वर्षं आम्ही खऱ्या अर्थाने जगलो ती टीम्समध्ये. ड्रिल, फायरिंग, मॅप रीडिंग, ऑब्स्टॅकल, टेंट पिचिंग, रस्सीखेच, फ्लॅग एरिया म्हणजे जमिनीवर काढायची रंगीत चित्रं, समूहगीत. परेड सुटली की आमच्या शाळेतलं तुमचं काम संपायचं. तरी पुढच्या शाळेची वेळ होईपर्यंत तुम्ही आमच्यासाठी थांबायचात, आणि तो वेळ कुठल्याही वेळापत्रकात नव्हता.

मी फायरिंगच्या टीमची रिझर्व्ह, म्हणजे राखीव मुलगी होते. शेवटपर्यंत रिझर्व्हच राहिले, स्पर्धेत एक गोळीही मारली नाही. तरी आभार मानायचे आहेत ते याच गोष्टीसाठी. पॉइंट टू टू रायफलचे राउंड, म्हणजे गोळ्या, मोजून मिळतात, हे तेव्हाही कळत होतं. टीममधल्या मुलींना जास्त सराव द्यावा आणि रिझर्व्हला फक्त टार्गेट चिकटवायला ठेवावं, असं कुणीही केलं असतं आणि त्यात गैर काही नव्हतं. तुम्ही मला टीमइतकेच पाच राउंड द्यायचात. २५ मीटरच्या रेंजवर माझं ग्रुपिंगही, म्हणजे गोळ्या एकमेकींच्या किती जवळ लागल्या तेही, त्यांच्यासारखंच पट्टीने मोजायचात आणि त्यांच्याच वहीत लिहायचात. रायफल रिकामी असताना नळीवर नाणं ठेवून ट्रिगर दाबायचा तो सराव आठवतो. नाणं पडलं की पुन्हा पहिल्यापासून. श्वास कुठे सोडायचा आणि कुठे धरायचा, हे माझ्या शेजारी जमिनीवर आडवं होऊन तुम्ही दाखवलंत. फायरिंग संपलं की झाडलेल्या गोळ्यांचे रिकामे खोके गोळा करून राउंडच्या हिशेबाशी जुळवायचं काम माझ्याकडे असायचं. एक खोका कमी भरला तर सगळ्या जणी गवत चाळत बसायच्या, तुम्हीसुद्धा. त्या कामालाही तुम्ही कधी हलकं मानलं नाही.

अंतराचा अंदाज घ्यायचा तास तर मला सगळ्यांत आवडायचा. दूरच्या झाडापर्यंत किती मीटर, ते नुसत्या डोळ्यांनी सांगायचं. १०० मीटरची पट्टी आधी नजरेत बसवा आणि मग ती किती वेळा मावते ते बघा, ही पहिली पद्धत. अर्ध्यावरची खूण धरून दुप्पट करा, ही दुसरी. जास्तीत जास्त ४०० आणि कमीत कमी २०० वाटत असेल तर ३०० धरा, ही तिसरी. सूर्य आपल्या पाठीशी असला की वस्तू जवळ वाटते, सावलीतली लांब वाटते, हेही तिथेच शिकलो. पण तुमचा जीव होता सेक्शन अ‍ॅव्हरेजवर, म्हणजे प्रत्येकीचा अंदाज घेऊन त्यांची सरासरी काढायची. आमच्यात एक मुलगी होती, वर्गात तिचा आवाज कधी ऐकू यायचा नाही. तुम्ही दर वेळी पहिला आकडा तिलाच विचारायचात. ती पुटपुटली तरी तो आकडा फळ्यावर जायचा आणि बेरजेत धरला जायचा. मग सगळी टीम पावलं मोजत त्या झाडापर्यंत जायची. मी आता शिकवण्याचंच काम करते, उस्ताद, आणि सर्वांत गप्प मुलाला आधी विचारायचं, हे मी तुमच्याकडून घेतलेलं आहे.

तीच मुलगी पुढे कॅम्पमध्ये फ्लॅग एरियाची ब्रीफिंग द्यायला उभी राहिली. गेरू, चुना आणि रंगवलेल्या भुशाने आम्ही जमिनीवर एनसीसीचा ध्वज काढला होता. लाल रंग भूदलाचा, गडद निळा नौदलाचा, फिकट निळा वायुदलाचा. आदल्या रात्री पाऊस आला आणि निळा लालात मिसळला. पहाटे पीटीच्या आधी तुम्ही टॉर्च धरून उभे होतात आणि आम्ही ओला भुसा खरवडून नवा भरत होतो. सकाळी कॅम्प कमांडंटसमोर ती सावधानमध्ये उभी राहून खणखणीत बोलली: एनसीसीची शिफारस करणारी १९४६ची पंडित कुंझरू समिती, १५ जुलै १९४८ची स्थापना, १९५४ला आलेला सध्याचा ध्वज. मध्ये एकदाही अडखळली नाही. आमचा नंबर आला नाही. त्या दिवशी मात्र मला नंबराची आठवणही झाली नाही.

ऑब्स्टॅकलच्या टीमबद्दल माझ्या मैत्रिणी माझ्यापेक्षा जास्त सांगतील. मी सहा फुटी भिंत खालूनच पाहिली आहे.

एक आभार घरच्यांच्या वतीनेही. दहा दिवस मुलीला कॅम्पला पाठवायचं म्हटल्यावर आमच्यापैकी अनेकींच्या घरी सरळ नाही म्हणून सांगितलं होतं. मॅडमबरोबर तुम्ही पालकांच्या बैठकीत आलात. मोठमोठ्या गोष्टी न सांगता राहण्याची सोय कशी असते, रात्री पहारा कोण देतं, मुलींसोबत कोणत्या बाई असतात, आजारी पडल्यास काय करतात, एवढंच नीट सांगितलंत. माझे आजोबा शेवटपर्यंत प्रश्न विचारत राहिले आणि तुम्ही शेवटपर्यंत उत्तरं देत राहिलात. घरी आल्यावर त्यांनी स्वतः माझी ट्रंक काढून दिली.

आमच्यातली एक जण थल सैनिक कॅम्पच्या, म्हणजे एनसीसीच्या देशपातळीवरच्या शिबिराच्या, निवडीत ग्रुपच्या टप्प्यापर्यंत गेली, तिचं नाव शाळेच्या फळ्यावर आहे आणि ते असायलाच हवं. बाकीच्या आम्ही ज्युनियर विंगचं 'ए' सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडलो. पण तुमच्या वहीत आम्हा सगळ्यांची नावं होती, ग्रुपिंगच्या मोजमापासकट. ती वही अजून असेल तर माझं पान एकदा बघायचं आहे.

रजेवर याल तेव्हा शाळेत नक्की या. परेड अजून शनिवारीच असते, आणि नव्या बॅचला अंतर मोजायला मीच घेऊन जाते.

आपली कॅडेट,
फायरिंग टीम, रिझर्व्ह