हिवाळी पाखरांना नुसते दाणे पुरत नाहीत

संपादक साहेब, नमस्कार,

उन्हाळा आला की तुमच्या पेपरात "पक्ष्यांसाठी पाणी ठेवा" असं छापून येतं आणि लोक खरंच मनापासून ठेवतात, धुळ्यात आमच्या कॉलनीत एप्रिलमध्ये घरोघरी परळं दिसतात. पण लांबून येणारे पाहुणे आपल्याकडे असतात ते हिवाळ्यात, आणि नेमकी तेव्हाच ती परळं माळ्यावर गेलेली असतात.

मी या छंदात नवीनच. दिवाळीनंतर परसात फीडर टांगला, त्यात बाजरी नि तांदळाची कणी. चिमण्या आल्या, होले आले, कबुतरं तर येणारच. थिरथिरा मात्र फीडरकडे ढुंकूनही बघत नाही, कारण तो मुळात किडे-मुंग्या खाणारा पक्षी. हिमालय, मध्य आशियाकडून येतो, आकाराने चिमणीएवढा, नर वरून काळा आणि पोट विटकरी, कंपाउंडच्या भिंतीवर बसून शेपटी सारखी थरथरवत असतो, मग झपकन खाली येऊन पाचोळ्यातला किडा उचलतो की परत भिंतीवर. शेजारच्या मावशी तर रोज सकाळी विचारतात, "उना का तुना पाव्हना?" म्हणजे आला का तुझा पाहुणा?

म्हणून माझ्यासारख्या नवीन लोकांना सांगावंसं वाटतं की फीडर जरूर लावा पण परसातला एक कोपरा झाडू नका, तिथे पाचोळा राहू द्या, औषध फवारू नका. पसरट परळात दोन बोटं पाणी पुरतं, पण परळ नि फीडर दोन्ही नेहमी घासून ठेवा, घाणीतून पाखरांना रोग होतात. मांजराला दबा धरता येणार नाही अशी जागा बघा. शेवगा नाहीतर जास्वंद असेल तर फुलांतला मध पिणारे शिंजीर पक्षी आपोआप येतात.

भोरड्यांबद्दल, म्हणजे गुलाबी मैनांबद्दल पण लिहा. दादर (रब्बी ज्वारी) दाण्यावर आली की त्यांचे थवेच्या थवे उतरतात, शेतकरी वैतागतो आणि त्याचं खरंच नुकसान होतं, पण याच भोरड्या टोळ-नाकतोडेही भरपूर खातात हे कुणी सांगतच नाही.

आपल्याकडे 5 ते 12 नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, तेवढे दिवस बातम्या येतात मग सगळं शांत. अहो, 1884 नंतर कुणाला खात्रीने न दिसलेला रानपिंगळा (एक छोटं घुबड) 1997 मध्ये सापडला तो आपल्या शहाद्याजवळ! अशा खान्देशातल्या पेपरात फेब्रुवारीपर्यंत दर रविवारी एका पक्ष्याचा फोटो, मराठी आणि अहिराणी नाव, तो काय खातो, एवढं छापाल का? आणि फेब्रुवारीत 4 दिवस ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो, एका जागी किमान 15 मिनिटं बसून दिसतील ते पक्षी मोजून ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकायचे, घराच्या परसातून पण चालतं. त्याच्या तारखा पंधरा दिवस आधी छापल्या तर शाळांनाही तयारी करता येईल.

आपला एक वाचक,
धुळे