नोबच्या बारा भाकरी

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

रविवारच्या शास्त्राभ्यासाला बायबलमधल्या १ शमुवेलाचे २१ आणि २२ हे अध्याय घेतोयस, हे वाचून फार आनंद झाला. नोब हे गाव बहुतेकांच्या वाचनात दावीदाच्या पळापळीतला एक थांबा म्हणून येतं आणि मागे पडतं. शौल राजापासून पळणाऱ्या दावीदाला तिथल्या अहीमलेख याजकाने देवापुढे मेजावर ठेवायच्या पवित्र भाकरींतल्या भाकरी दिल्या, आणि त्यावरून शौलाने याजक आणि गाव मारवलं. तू दोन गोष्टी विचारल्या आहेस: नकाशावर नोब कुठे दाखवायचं, आणि पाच भाकरींपायी अख्खं गाव कसं कापलं गेलं? दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. त्या भाकरी केवढ्या होत्या हे डोळ्यांसमोर आलं, की अहीमलेखाने काय केलं आणि शौलाने त्यातून काय काढलं हे आपोआप कळतं.

मुलांना आधी हे सांग की ही आपली ज्वारी-बाजरीची भाकर नव्हे. ही गव्हाच्या सपिठाची, खमीर न घातलेली. लेवीय २४ मध्ये माप दिलंय: एका भाकरीला एफाचे दोन दशांश सपीठ, अशा बारा भाकरी, सहा-सहांच्या दोन रांगा, त्यांच्याबरोबर शुद्ध ऊद, आणि दर शब्बाथाला, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवशी, बदल. एफा साधारण २२ लिटरचा धरतात. म्हणजे एका भाकरीला जवळजवळ साडेचार लिटर सपीठ, वजनाने सव्वादोन-अडीच किलो. बारा भाकरींना २८ ते ३० किलो. आता दावीद पाच मागतो, म्हणजे बारा किलो पिठाच्या भाकरी, भाजल्यावर पंधरा किलोच्या घरात. हे काही वाटेत तोंडात टाकायला मागितलेलं नाही, ही तुकडीची रसद आहे. नोबमध्ये लेवीयातलंच माप चालत होतं असं धरून हा हिशेब केलाय, तेवढं वर्गात बोलून दाखव.

दुसऱ्या बाजूनेही मोजून बघ. त्या दिवशी मारले गेलेले, तागाचे एफोद, म्हणजे याजकाचं वस्त्र, घालणारे पुरुष ८५. काढलेल्या भाकरी खायचा हक्क याजकांचाच. तीस किलो पीठ ८५ जणांत वाटलं तर माणशी आठवड्याला साडेतीनशे ग्रॅम, म्हणजे पोटभर नव्हे, पवित्र वाटा म्हणून. त्यातल्या बारापैकी पाच अहीमलेखाने एका हातावर ठेवल्या. आणि त्याने एकच अट घातली: माणसं स्त्रियांपासून दूर राहिलेली, शुद्ध असावीत. शेल्फावर उरलेलं शिळं त्याने दिलं नाही. आपल्या लोकांच्या ताटातलं काढून दिलं, कारण समोरचा राजाचा जावई होता आणि भुकेला होता.

आता भाकरी ठेवायच्या मेजाचं सांगतो, कारण हे वर्गात करून दाखवता येतं. मिश्नामधल्या, म्हणजे यहूदी नियमांच्या जुन्या संग्रहातल्या, मनाहोत या भागात नंतरच्या मंदिरातली रीत बारकाईने दिली आहे. ती शौलाच्या काळाच्या कितीतरी नंतरची, म्हणून ‘नोबमध्ये असंच होतं’ असं म्हणू नकोस. पण अशी भाकर हाताळताना काय अडचणी येतात ते तिथून नीट समजतं. चोवीस सेआ गव्हातून, म्हणजे सुमारे १७५ लिटरमधून, एफाचे चोवीस दशांश सपीठ काढायचं. अकरा चाळण्या. मळायची एकेक, भाजायची दोन-दोन, आणि साच्यात, नाहीतर आकार बिघडतो. एका भाकरीची लांबी दहा मुठी, रुंदी पाच. इथे मूठ म्हणजे जोडलेली चार बोटं, साधारण आठ सेंटिमीटर. म्हणजे ८० बाय ४० सेंटिमीटरची भाकर! साडेचार लिटर पीठ एवढ्या पसाऱ्यावर पसरलं की जाडी दीड सेंटिमीटरच्या आसपास राहते.

रब्बी यहूदाच्या मापाने मेजही दहा मुठी लांब आणि पाच रुंद, म्हणजे भाकरीएवढंच. भाकर मेजावर आडवी ठेवायची, मग दोन्हीकडे अडीच-अडीच मुठी बाहेर येतात, त्या वर दुमडलेल्या. ८० बाय ४० चा पुठ्ठा काप, दोन्ही टोकं वीस-वीस सेंटिमीटर उभी कर, आणि तेवढ्याच टीपॉयवर असे दोन शेजारी ठेव. मेज बरोबर भरतं. आकाराबद्दल तालमूदात, म्हणजे मिश्नावरच्या रब्बींच्या चर्चेत, दोन मतं आहेत: एक म्हणतो दोन बाजू काढलेल्या पेटीसारखी, दुसरा म्हणतो डोलणाऱ्या नावेसारखी. पुठ्ठ्याने पेटीवाला आकार सहज होतो.

बिघडायचं ते रचण्यात. सहा भाकरी एकावर एक नुसत्या ठेवल्या तर खालची मोडते आणि मधे हवा न खेळल्याने बुरशी धरते. म्हणून प्रत्येक रांगेला चौदा नळ्या, उभ्या चिरलेल्या बोरूसारख्या. सगळ्यात खालची भाकर थेट मेजावर, तिला नळी नको. वरच्या चारांना तीन-तीन. शेवटच्या सहावीवर भार नसतो, तिला दोनच पुरतात. बारा आणि दोन, चौदा. दोन रांगांच्या अठ्ठावीस.

बदलताना मेज क्षणभरही रिकामं राहू द्यायचं नाही. चार याजक आणणारे, दोघांच्या हातात भाकरींच्या रांगा, दोघांच्या हातात उदाची भांडी. चार काढणारे त्यांच्या आधी आत गेलेले. आणणारे उत्तरेला दक्षिणेकडे तोंड करून, काढणारे दक्षिणेला उत्तरेकडे तोंड करून. हे ओढत जातात तसे ते सरकवत जातात, एकाच्या मुठीला दुसऱ्याची मूठ लागून. हे दृश्य मला फार आवडतं. आठ मुलं उभी करून बघ, दोनदा चुकतील आणि तिसऱ्यांदा जमेल.

इथे एक खाच आहे. त्या रीतीत भाकरी शब्बाथाच्या आदल्या दिवशी भाजायच्या आणि पुढच्या शब्बाथाला काढून खायच्या, म्हणजे भाजल्यापासून नवव्या दिवशी. पण १ शमुवेल २१:६ म्हणतं की काढलेल्या भाकरीच्या जागी ऊन भाकर ठेवण्यात आली. आदल्या दिवशीची भाकर ऊन कशी? रब्बींनी हा चमत्कार मानला. नोबमध्ये भाजण्याचा दिवस वेगळा होता असंही म्हणता येईल. मला दुसरं जास्त पटतं, कारण त्या वचनाला चमत्कार सांगायचा नाही. दावीद आला तो बदलण्याचा दिवस होता, म्हणूनच काढलेली भाकर द्यायला हाताशी होती, एवढंच त्याला सांगायचं आहे.

आता जागा. यशया १०:२८–३२ उघड. अश्शूरी फौज उत्तरेकडून येते: मिखमाश, गेबा, रामा, शौलाचा गिबा, अनाथोथ आणि शेवटी नोब. तिथे थांबून ती सियोनकन्येच्या डोंगरावर मूठ उगारते. म्हणजे नोबवरून यरुशलेम समोर दिसायला हवं, आणि अनाथोथ, म्हणजे आजचं अनाता, जवळ हवं. म्हणून बहुतेक जण स्कोपस डोंगराकडे बोट दाखवतात. तो सुमारे ८२० मीटर उंच, आणि मंदिराचा डोंगर त्याच्यापेक्षा बराच खाली. इसाविया, शुआफात आणि जैतुनाच्या डोंगराच्या कण्यावरचं अत-तूर हीदेखील नावं घेतली जातात. नकाशावर टिंब देऊ नकोस, यरुशलेमाच्या उत्तर-ईशान्येला पेन्सिलीने एक लांबट गोल काढ. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब प्रत्यक्षात लाखीशाच्या, म्हणजे नैर्ऋत्येच्या बाजूने आला होता. त्यामुळे यशयाची ही यादी लढाईची रोजनिशी म्हणून वाचू नये. गावांचा क्रम मात्र कामाचा आहे.

गिबा, गेबा आणि गिबोन या तीन नावांत सगळे अडकतात. तिन्ही बन्यामीन वंशाच्या मुलखात, तिन्ही जवळजवळ. शौल राहायचा तो गिबा, बहुधा तेल एल-फूल, यरुशलेमापासून पाचेक किलोमीटर उत्तरेला. गेबा मिखमाशच्या खिंडीजवळ. गिबोन वायव्येला, जिथे पुढे निवासमंडप, म्हणजे देवाच्या उपासनेचा तंबू, असल्याचं बायबलमधला ‘इतिहास’ हा ग्रंथ सांगतो. फळ्यावर तिन्ही आधीच लिहून ठेव.

गिब्यापासून नोब तासाभराच्या चालीवर, आणि हे महत्त्वाचं. शौल झाडाखाली भाला घेऊन बसलाय, दावीदाला नोबमध्ये पाहिलेला त्याचा चाकर दवेग अदोमी तोंड उघडतो, आणि राजा अहीमलेखाला सगळ्या घराण्यासकट बोलावून घेतो. पळायला ना वेळ होता ना कारण. ते राजाच्या बोलावण्यावर आले, आपण गुन्हेगार आहोत हे त्यांना ठाऊकच नव्हतं. अहीमलेखाचं उत्तर वाच: तुझ्या सगळ्या चाकरांत दावीदाएवढा विश्वासू कोण? हा कटवाल्याचा बचाव नव्हे. त्याला दावीद खोटं सांगून गेला होता. शौलाच्या रक्षकांनी याजकांवर हात उचलायला नकार दिला. उचलला तो दवेगाने. आणि मग गावात बायका, मुलं, तान्ही बाळं, बैल, गाढवं, मेंढरं. अमालेकी लोकांवरच्या स्वारीत ज्याने चांगली गुरं राखून ठेवली, त्याने इथे काहीच राखलं नाही. वर्गात हे घाईने उरकू नकोस.

८५ या आकड्यावर कुणी बोट ठेवलं तर सांग: हिब्रूत ८५, सप्तती या जुन्या ग्रीक भाषांतरात ३०५, यहूदी इतिहासकार योसेफसात ३८५. ‘याजकांचं नगर’ हे शब्द नोबसाठी २२:१९ मध्येच येतात. यहोशवा २१ मध्ये अहरोनवंशाला, म्हणजे याजकांना, दिलेल्या तेरा नगरांत बन्यामिनातली चार आहेत, गिबोन, गेबा, अनाथोथ आणि अलमोन. नोब त्यांत नाही. शिलोचं पवित्रस्थान गेल्यावर तिथल्या एली याजकाचं घराणं इथे वसलं म्हणून ते याजकांचं झालं असावं. पवित्र कोश तर इथे नव्हताच, तो किर्याथ-यारीमात होता. निवासमंडप नोबला होता असंही वचन थेट म्हणत नाही, भाकरींवरून आणि एफोदावरून आपण ते ओळखतो.

एफोदाचा घोळ आधीच सोडव. ८५ जण घालायचे तो तागाचा. गल्याथाची तरवार कापडात गुंडाळून ज्याच्यामागे ठेवली होती तो वेगळा, देवाला कौल विचारायचा. अहीमलेखाचा मुलगा अब्याथार निसटला आणि कईला गावी दावीदाकडे आला तेव्हा त्याच्या हातात एफोद होता. म्हणजे गाव गेलं, पण कौलाचं साधन दावीदाकडे गेलं आणि शौलाकडे उरलं नाही.

मार्क २:२६ चा प्रश्न येणारच. तिथे ‘अब्याथार प्रमुख याजक असताना’ असं आहे, भाकर दिली मात्र त्याच्या बापाने. मत्तय आणि लूक नाव घेत नाहीत. ओढूनताणून जुळवू नकोस, तीनही उतारे शेजारी ठेवून वाचायला सांग.

आणि २२:२२ मोठ्याने वाच. दवेग तिथे होता तेव्हाच मला कळलं होतं, असं दावीद अब्याथाराला सांगतो, आणि तुझ्या बापाच्या घराण्याच्या मृत्यूला मीच कारण झालो म्हणून कबूल करतो. पुढे शलमोन याच अब्याथाराला अनाथोथला त्याच्या शेतावर धाडतो, डोंगरापलीकडे, जुन्या गावापासून थोड्याच अंतरावर. नोबचं नाव मात्र पुसलं नाही. बाबेलच्या बंदिवासानंतर नहेम्या ११:३२ मध्ये बन्यामिनी लोक राहतात त्या गावांत ते पुन्हा आहे: अनाथोथ, नोब, अनन्या.

पुठ्ठे कापताना माप नीट घे, आणि नळ्यांसाठी वर्तमानपत्राच्या सुरळ्या चालतील. वहिनींना नमस्कार.

तुझा,
प्रकाश