जानेवारीत नको, दसऱ्यानंतर जाऊ

कोथरूड, पुणे

चि. सौ. मनू हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी तू फोनवर सहलीचा बेत सांगितलास आणि मी बोलू लागताच तू लिफ्टमध्ये शिरलीस, त्यामुळे माझे म्हणणे अर्धेच राहिले. ते पुरे करण्यासाठी हे पत्र. तसेही एवढे सगळे फोनवर सांगत बसलो असतो तर मध्येच "बाबा, लिंक पाठवा" असे तू म्हणाली असतीस.

आम्हा दोघांनाही बरोबर घेऊन जायचे तुम्ही ठरवलेत, याचा आनंद शब्दांत सांगण्याची आपल्या घरात पद्धत नाही, तेव्हा सरळ मुद्द्यावर येतो. रियुनियन हे बेट तू अगदी योग्य निवडले आहेस. महिना, मुक्काम आणि फिरण्याचा क्रम मात्र, माझ्या मते, तिन्ही चुकले आहेत.

जानेवारीच्या अखेरीस तुला दहा दिवसांची रजा मिळते आणि पुण्यात तेव्हा हवा छान असते, म्हणून तेथेही असेल असे तू धरून चाललीस. ते बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला, मादागास्करच्या पूर्वेस सुमारे सातशे किलोमीटरवर आहे. तेथला जानेवारी भर उन्हाळ्याचा, दमट आणि चक्रीवादळांचा असतो. २०२४ च्या जानेवारीत बेलाल आणि २०२५ च्या फेब्रुवारीत गारान्स या वादळांनी बेटाला तडाखा दिला. २००७ च्या फेब्रुवारीत गामेद नावाचे वादळ जवळून गेले, तेव्हा ज्वालामुखीजवळच्या कोमेर्सों विवरापाशी तीन दिवसांत ३,९२९ मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि तो आजही जागतिक विक्रम मानला जातो. पुण्यात वर्षाला साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे आपला पाच वर्षांचा पाऊस तेथे तीन दिवसांत पडला. पर्जन्यमापकाच्या नोंदी ठेवण्यात ज्याची उमेदीची वर्षे गेली, त्या माणसाने हा आकडा वाचून चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला.

कोरडा आणि थंड काळ तेथे मे ते नोव्हेंबर असतो. गणपतीचे विसर्जन झाले की निघावे असे मी सुचवले होते, कारण जून ते सप्टेंबर या दिवसांत दक्षिणेकडील थंड समुद्रातून देवमासे पिलांना जन्म देण्यासाठी बेटाजवळ येतात आणि ते किनाऱ्यावरूनही दिसतात. पण तुझ्या आईने दिनदर्शिका उघडून पितृपक्षावर बोट ठेवले. या बाबतीत तिच्याशी वाद घालून मी चाळीस वर्षांत एकदाही जिंकलेलो नाही, त्यामुळे दसरा आणि दिवाळी यांच्यामधले दिवस धरावेत. देवमासे तोवर बहुधा परतीला लागलेले असतील, पण डोंगर मोकळा मिळेल आणि मला डोंगर पाहायचा आहे.

डोंगरच का, हे तुला सांगायला हवे. सासवडजवळच्या एका विहिरीत मी पहिल्यांदा दोराला धरून उतरलो, तेव्हा चोविशीत होतो. वर हातभर माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या, म्हणजे बारीक पोकळ्यांचा खडक, मग काळा पाषाण आणि त्याच्याखाली वीतभर जाडीचा विटकरी लाल थर, असा त्या विहिरीचा काठ होता. त्या लाल थराच्या सांध्यातून पाणी पाझरत होते. खाली फावडे घेऊन उभा असलेला गडी मला म्हणाला, "साहेब, हा गेरू लागला की आम्ही नारळ आणायला माणूस पाठवतो." पुढे बत्तीस वर्षे मी विहिरींचे असेच काठ वाचत राहिलो. मांजऱ्यातील पोकळ्या म्हणजे लाव्हा थिजताना आत कोंडलेल्या वायूचे बुडबुडे, आणि लाल थर म्हणजे दोन उद्रेकांच्या मधल्या शांततेत तयार झालेली जुनी माती, जी पुढच्या लाव्ह्याखाली भाजून निघाली. माझ्या टेबलावरचा वाघोलीच्या खाणीतला दगड तुला आठवत असेल. त्याच्या पोकळीतले पांढरे स्फटिक खडीसाखर समजून तू चाटले होतेस, ती पोकळी म्हणजे असाच एक बुडबुडा.

आपल्या घराचा पाया, पाताळेश्वराचे लेणे आणि सिंहगडाचा कडा ज्या दगडाचा आहे, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वितळलेल्या अवस्थेत जमिनीच्या भेगांतून बाहेर आला आणि थरावर थर साचत गेला. खडकवासल्याहून सकाळच्या उन्हात सिंहगडाकडे पाहिले की डोंगराला जिन्यासारखे टप्पे दिसतात. डेक्कन ट्रॅप या नावातला ट्रॅप हा शब्द जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. हे दगड ज्या खोल उष्ण स्रोतातून निघाले, तोच स्रोत आज रियुनियनच्या खाली आहे, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. भारताचा भूखंड त्याच्यावरून उत्तरेकडे सरकत गेला आणि मागे लक्षद्वीप, मालदीव व चागोस अशी बेटांची ओळ राहिली. पुढे मॉरिशस झाले, ज्याचे वय ८० ते ९० लाख वर्षे आहे, आणि शेवटी रियुनियन, जे समुद्राबाहेर डोकावून सुमारे २० लाख वर्षे झाली. म्हणजे पुण्याला ज्या भट्टीने घडवले ती विझलेली नाही, आपण तिच्यापासून दूर आलो आहोत एवढेच. तेथल्या जागत्या ज्वालामुखीचे नावही पितों द ला फुर्नेझ, म्हणजे भट्टीचे शिखर असे आहे. तुझ्या तक्त्यात दहापैकी सहा दिवस समुद्रकिनाऱ्यावरच्या हॉटेलात आणि ज्वालामुखीला फक्त एक सकाळ दिलेली पाहून मला काय वाटले असेल, याची आता तुला कल्पना येईल.

ती एक सकाळ पुरणार नाही. बेट लहान आहे, जेमतेम अडीच हजार चौरस किलोमीटर, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या सहाव्या हिश्श्याएवढे. पण त्यावरचे सर्वांत उंच शिखर पितों दे नेझ ३,०७१ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट आहे. आग्नेयेकडून येणारे बाष्पाचे वारे या डोंगरांना अडतात, त्यामुळे पूर्वेची बाजू कोकणासारखी ओली आणि पश्चिमेची देशासारखी कोरडी राहते. ढग रोज सकाळी दहाच्या सुमारास वर चढू लागतात आणि एकदा ते बसले की समोरचा माणूस दिसत नाही. म्हणून ज्वालामुखीसाठी लागोपाठ तीन सकाळी राखून ठेवाव्यात आणि मुक्काम किनाऱ्यावर न करता वर प्लेन दे काफ्र या पठारावर करावा. तेथील बूर-म्युरा या गावातून पहाटे निघायचे. प्लेन दे साब्ल हे तांबूस राखेचे उजाड मैदान ओलांडून गाडी २,३११ मीटरवरच्या पा द बेलकोम्बपर्यंत जाते. तेथून खाली आंक्लो फुके नावाचा प्रचंड खोलगट भाग आणि त्याच्या मध्यभागी ज्वालामुखीचा शंकू दिसतो. आईने तेथेच कठड्याशी थर्मास घेऊन बसावे, कारण पुढे पाचशेच्या वर पायऱ्या उतराव्या लागतात, म्हणजे पर्वतीच्या १०३ पायऱ्या पाच वेळा, आणि चढण परतताना असते. मी पायऱ्या उतरून फोर्मिका लेओ या बुटक्या लालसर टेकडीपर्यंत जाईन आणि मागे फिरेन. शिखराजवळच्या विवराच्या काठापर्यंत जाऊन येण्यास पाच-सहा तास लागतात; ते तुम्ही दोघांनी जावे, माझ्यासाठी रेंगाळू नये. २००७ च्या एप्रिलमध्ये त्या विवराचा तळ एकाएकी तीनशे मीटरहून अधिक खाली खचला. तो खड्डा पाहून आल्यावर मला नीट वर्णन करून सांगायचे, फोटो दाखवून भागणार नाही.

उद्रेक पाहायला मिळेल का, असे जावईबापूंनी विचारले होते. हा ज्वालामुखी जगातील सर्वांत जागत्या ज्वालामुखींपैकी एक आहे, तरी त्याला आपल्या रजेचे दिवस माहीत नाहीत. एखाद्या वर्षी त्याचे तीन-चार उद्रेक होतात, आणि डिसेंबर २०१० नंतर मात्र थेट जून २०१४ पर्यंत एकही झाला नव्हता. त्याचा लाव्हा पातळ असतो, तो भडका उडवण्याऐवजी वाहतो, म्हणून लोक उद्रेक ऐकून पळण्याऐवजी पाहायला जमतात. बूर-म्युराला १९७९ पासून वेधशाळा आहे आणि भूकंपाचे बारीक धक्के वाढले की प्रशासन तो खोलगट भाग रिकामा करून पायऱ्यांचे फाटक बंद करते. म्हणजे विवरापर्यंत चालणे आणि वाहता लाव्हा पाहणे या दोन्ही इच्छा एकाच वेळी पुऱ्या होत नाहीत. फाटक बंद दिसले तर कडेने आत शिरण्याचा विचारही करू नये. सिंहगडाच्या कड्यावरून अशा हौशी लोकांना दोराने वर काढताना मी पाहिले आहे.

पूर्व किनाऱ्यासाठी एक पूर्ण दिवस ठेव. तेथे लाव्हा डोंगरावरून थेट समुद्रात उतरतो आणि वाटेत रस्ता अनेकदा गाडतो. मग तो नव्याने बांधतात आणि कडेला सनाची पाटी लावतात. सेंत-रोझजवळ १९७७ साली लाव्हा एका चर्चच्या दाराशी थांबला आणि भिंतींना वळसा घालून पुढे गेला. ते चर्च अजून वापरात आहे. पण मला तेथे पाहायची आहे ती २००७ च्या काळ्या लाव्ह्यावर उगवलेली पहिली वाढ. त्या दगडावर सर्वांत आधी रुपेरी करड्या रंगाचे, आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या जातकुळीतले काहीतरी धरते, मग नेचे येतात, आणि त्यातून चिमूटभर माती तयार होते. सासवडच्या विहिरीत जो लाल थर मी भाजून दाबला गेलेला पाहिला, त्याची ही सुरुवात.

त्यानंतर दोन रात्री सिलाओसला. चारशेहून अधिक वळणे घेत रस्ता डोंगरांच्या कढईत उतरतो आणि तेथे छोट्या वाफ्यांत मसूर पिकवतात, जो त्या बेटावर नावाजलेला आहे. आईला गाडी लागते, तेव्हा पुढची जागा तिची. शेजारच्या माफात या खोऱ्याला मोटाररस्ताच नाही. लोक पायी जातात आणि सामान हेलिकॉप्टरने उतरते. माझ्या गुडघ्यांनी ते पाहणे दुरूनच मान्य केले आहे. समुद्रासाठी शेवटचे दोन दिवस पुरे. तेथेही पोहायचे ते एर्मिताजच्या प्रवाळांनी अडवलेल्या उथळ पाण्यात. शार्कच्या हल्ल्यांमुळे २०१३ पासून, काही देखरेखीच्या जागा सोडल्या तर, बाकी किनाऱ्यावर पोहण्याला आणि लाटांवरच्या खेळाला बंदी आहे, हे जावईबापूंना तूच सांग. मी सांगितले तर सासऱ्याने हौस मोडली असे व्हायचे.

आता कागदपत्रे. येथील एका प्रवासी कंपनीतल्या तरुणाने मला हसत सांगितले की रियुनियन म्हणजे फ्रान्सच, तुमच्या मुलीचा शेंगेन व्हिसा आहे ना, मग तिची काळजी मिटली. मिटलेली नाही. तेथे युरो चालतो, पण ते बेट शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, मोडत नाही आणि त्या व्हिसावर आपोआप प्रवेश मिळत नाही. मी त्याला नियम दाखवला तेव्हा त्याने मॉरिशसचे पॅकेज पुढे सरकवले. तिकिटे काढण्यापूर्वी फ्रेंच दूतावासाच्या अधिकृत संकेतस्थळावर आपल्या चौघांसाठी काय लागते ते तू स्वतः वाच. मॉरिशसवरून जाणे सोयीचे आहे खरे, मुंबईहून तेथवर थेट विमान आहे आणि पुढे पाऊण तास. येताना तेथे दोन दिवस थांबू. कोकणातून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज तेथे आहेत आणि गणेश चतुर्थीला देशाची सार्वजनिक सुट्टी असते.

रियुनियनमध्ये गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतात. आंतरराष्ट्रीय परवान्यासाठी दोघांनीही आरटीओत अर्ज करावा, कारण त्या चारशे वळणांवर एकाच चालकाच्या भरवशावर मी बसणार नाही. वर पहाटे हुडहुडी भरते, हिवाळ्यात तर दवही गोठते, तेव्हा "उष्ण कटिबंधातले बेट" वाचून फक्त सुती कपडे भरू नयेस. डासांचे मलम घ्यावे. २००५-०६ साली चिकुनगुन्याने बेटावरील सुमारे एक तृतीयांश लोकांना गाठले होते, आणि त्या तापानंतर सांधे कसे धरतात हे आपल्या वाड्यातही आपण पाहिले आहे. बूट मात्र आत्ताच घे. खडबडीत लाव्हा साधा तळवा दोन तासांत फाडतो आणि नवा बूट त्याहून लवकर पाय सोलतो. मी माझे घेतले आहेत आणि रविवारी ते घालून सिंहगड चढतो. माथ्यावरच्या पिठल्यापर्यंत पोहोचायला सध्या दीड तास लागतो.

रजेचे नक्की झाले की कळव. जावईबापूंना नमस्कार.

तुझे
बाबा

ता. क. आईने बरोबर न्यायच्या वस्तूंची यादी आतापासून सुरू केली आहे आणि तिच्यात ताजा कढीपत्ता पहिल्या ओळीत आहे. बाहेरची पाने, फळे, बिया तेथे नेऊ देत नाहीत, हे तिला मी सांगितलेले पटत नाही. एकोणिसाव्या शतकात तमिळ मजुरांनी तेथे नेलेल्या कढीपत्त्याला बेटावरचे लोक कालुपिले म्हणतात आणि तो बाजारात मिळतो, एवढे तू तिला फोनवर सांग. तुझे ऐकेल.