पोरांची एचएलए-बी२७ तपासणी आत्ता नको

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. इतकी वर्षं ‘बैठं काम, कंबर धरणारच’ म्हणत बाम चोळत राहिलास आणि निघालं अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणका आणि सांधे सुजवून आखडवणारा आजार. वाचून जीव तुटला रे. पण निदान पक्कं झालं, आता उपचारांना दिशा मिळेल.

तू विचारतोस, दोन्ही पोरांची एचएलए-बी२७, म्हणजे या आजाराशी जोडलेलं जनुक अंगात आहे का ते बघणारी रक्ततपासणी, करून घेऊ का? माझ्या मते आत्ता अजिबात नको.

१९७३ साली लंडनमध्ये या आजाराचे ७५ रुग्ण तपासले, त्यांतल्या ७२ जणांत बी२७ सापडलं. तुलनेसाठी घेतलेल्या ७५ जणांत ते फक्त तिघांत होतं. हे आकडे वाचले की बी२७ म्हणजेच आजार असं वाटतं, आणि वहिनी नेमक्या त्यालाच घाबरल्यात. पण उलट बाजूने मोजून बघ. बी२७ असलेल्या शंभर जणांत जेमतेम पाचांना हा आजार होतो. वडिलांना असेल तर धोका वाढतो, नाकारत नाही. तरी बी२७ वारशात आलेली बहुतेक मुलं या आजारावाचून आयुष्य काढतात. शिवाय तुझ्याकडे त्याची एकच प्रत असेल, तर प्रत्येक पोराकडे ती जाण्याची शक्यता निम्मीच.

कारण हे एका जनुकाचं काम नाही. बी२७सारखे एचएलए रेणू पेशीतल्या प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर धरतात आणि प्रतिकारशक्तीच्या टी पेशी ते तपासतात. ते तुकडे आधी कापून लहान करणारं एक विकर (एन्झाइम) आहे, ईआरएपी१. त्याच्या जनुकातल्या बारीक फरकानेही धोका कमी-जास्त होतो, पण मुख्यतः बी२७ असलेल्यांतच. धोका कमी-जास्त करणाऱ्या अशा शंभराहून जास्त जागा जनुकांत आता सापडल्यात, बहुतेकींचा वाटा अगदी किरकोळ. एकाच बीजातून झालेल्या जुळ्या भावांची जनुकं तंतोतंत सारखी असूनही एकाला आजार आणि दुसरा ठणठणीत, असंही होतं.

आणि हेच बी२७ एचआयव्हीच्या संसर्गात आजार सावकाश वाढू देतं, हेपटायटिस सी आपोआप बरा होण्याचं प्रमाणही त्यामुळे वाढतं. तेव्हा ‘माझ्यामुळे पोरांना भोगावं लागणार’ हे डोक्यातून काढ. तुझ्या आईलाही सांग, त्याही स्वतःला बोल लावत असतील.

धडधाकट पोराच्या हातात ‘पॉझिटिव्ह’ रिपोर्ट दिला तर करायचं काय? आजार होऊ नये म्हणून द्यायचं औषध नाही. नुसती धास्ती मागे लागेल. लक्ष मात्र ठेव. मुलांत सुरुवात बऱ्याचदा पाठीऐवजी टाचेपासून किंवा गुडघ्यापासून होते. सांधा सुजला, सकाळी उठल्यावर बराच वेळ आखडलेला राहिला, हिंडल्या-फिरल्यावर मोकळा झाला आणि हे आठवडेच्या आठवडे चाललं, तर ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरांना दाखव. तेव्हा ही तपासणी उपयोगाची. डोळा लाल होऊन दुखला, उजेड सोसेना, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. हे तुलाही लागू.

आणि सिगारेट सोड. तिने मणक्याचं नुकसान लवकर वाढतं. व्यायाम चुकवू नकोस. पुढच्या भेटीला जाताना एमआरआयची सीडी बरोबर घे, मीही येतो. वहिनींना हे पत्र वाचून दाखव. रविवारी फोन करतो, त्यांच्याशीही बोलेन.

तुझाच