जबड्याच्या स्कॅनमधला कवटीचा तळ कोण वाचतं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत डेंटल इम्प्लांटवर आलेला लेख वाचला. थ्रीडी स्कॅनमुळे स्क्रू कुठे आणि किती खोल बसवायचा हे आधीच ठरवता येतं, असं त्यात म्हटलं आहे. ते खरंच आहे. पण त्या स्कॅनमध्ये दातांपलीकडचंही बरंच काही येतं. ते कोणी पाहायचं, हा प्रश्न लेखात कुठेच आला नाही. मी दंतवैद्यकातली रेडिओलॉजिस्ट आहे. ऐरोली ते बेलापूर आणि खाडीपलीकडे ठाण्यातल्या स्कॅन केंद्रांच्या फाइली वाचणं हे माझं रोजचं काम, म्हणून लिहिते आहे.

या स्कॅनला सीबीसीटी म्हणतात. दोन-तीन दातांपुरता काढला तर साधारण ५ बाय ५ सेंटिमीटरचा भाग येतो आणि प्रश्न फारसा उद्भवत नाही. पण तारा लावायच्या असतील, जबड्याची शस्त्रक्रिया ठरत असेल, तर हनुवटीपासून पार कपाळापर्यंत चित्र घेतलं जातं. मग कवटीचा तळही त्यात येतो. नाकाच्या मागची हवेची पोकळी म्हणजे स्फेनॉइड सायनस, त्याच्या वर पिट्युटरी ग्रंथी बसते तो खोगिरासारखा खळगा म्हणजे सेला टर्सिका, तिच्यामागून मानेच्या दिशेने उतरणारं क्लायव्हसचं हाड आणि दोन्ही बाजूंनी मेंदूकडे जाणाऱ्या कॅरोटिड रोहिण्यांचे मार्ग. इम्प्लांटचं सॉफ्टवेअर मात्र जबड्याचे काप तेवढे समोर मांडतं. वरचा भाग फाइलमध्ये असतो, पण कुणी उघडतच नाही.

एक उदाहरण देते, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून. वाशीच्या मसाला मार्केटमध्ये हिशेब पाहणारे पन्नाशीचे गृहस्थ. खालच्या पुढच्या दातांत फटी पडू लागल्या, काढघालीची कवळी बसेनाशी झाली. हिरड्यांचा आजार म्हणून उपचार झाले, दोन्ही जबड्यांचा मोठा स्कॅन झाला, पण रिपोर्ट मागवलाच नव्हता. पुढे दुसऱ्या दंतवैद्यांना फटींचं कारण पटेना, तेव्हा त्यांनी तीच जुनी फाइल माझ्याकडे पाठवली. सेला नेहमीपेक्षा बरीच मोठी होती, तिचा तळ पातळ होऊन खालच्या सायनसमध्ये उतरला होता. मी फोन करून विचारलं, अंगठी घट्ट होते का, चपलेचा नंबर वाढला का? मागून त्यांच्या पत्नीच बोलल्या, "अंगठी तर सोनाराकडून कापून काढली, मॅडम." रक्ताची तपासणी आणि एमआरआय झाला. पिट्युटरीवर गाठ होती. वाढीचं संप्रेरक जास्त स्रवत होतं, म्हणून जबडा वाढत होता आणि दात एकमेकांपासून दूर सरकत होते. अशा गाठीवर नाकातून शस्त्रक्रिया करता येते, त्यांचीही झाली. आता बरे आहेत. मला अजून सलतं ते एवढंच की त्या फाइलमध्ये हे सगळं पहिल्या दिवसापासून होतं.

अशी प्रकरणं विरळ असतात, हे मुद्दाम सांगते. कवटीच्या तळाशी सापडणाऱ्या बहुतेक गोष्टी निरुपद्रवी असतात, आणि तिथे रिपोर्ट लिहिणाऱ्याचीच कसोटी लागते. कोपरखैरण्याच्या एका कॉलेजातल्या मुलीच्या रिपोर्टमध्ये "क्लायव्हसच्या हाडात दोष" इतकंच लिहिलेलं होतं. घरच्यांनी मोबाइलवर शोधलं तर कॉर्डोमा हा ट्यूमर समोर आला. तो दरवर्षी दहा लाखांत साधारण एकाला होतो, पण हे त्या रात्री त्यांना कोण सांगणार? मुलीची आई सकाळी फाइल घेऊन माझ्याकडे आली तेव्हा तिच्याने बोलवत नव्हतं. हाडाच्या खालच्या बाजूला, बरोबर मध्यरेषेवर, गुळगुळीत काठांचा छोटा खळगा होता. गर्भावस्थेतल्या घडणीतून राहिलेला, जन्मजात. त्याला फोसा नॅव्हिक्युलॅरिस म्हणतात आणि त्याला काहीही करावं लागत नाही. 'ही नैसर्गिक रचना आहे, पुढील तपासणी नको' एवढं एक वाक्य रिपोर्टमध्ये असतं तर त्या घराची ती रात्र वाचली असती.

सीबीसीटी हाड फार छान दाखवतो, मऊ भाग जवळजवळ दाखवतच नाही. त्यामुळे त्यावरून कुणी 'गाठ आहे' असं ठामपणे लिहू नये. हाडाची कड झिजली आहे, एमआरआय करून घ्या, अमुक तज्ज्ञांना दाखवा, इथपर्यंतच लिहावं, पण तेवढं स्पष्ट लिहावं. रोहिणीच्या भिंतीत कॅल्शियम साचलेलं दिसलं तर रक्तदाब आणि साखर तपासायला फिजिशियनकडे पाठवावं. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसचे कितीतरी रुग्ण वरचे दात हलतात म्हणून आधी दंतवैद्यांकडेच आले होते. बुरशी सायनसमधून डोळ्याकडे आणि कवटीच्या तळाकडे सरकताना तेव्हा आम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. दात आणि मेंदू यांच्यात अंतर किती कमी आहे, हे आम्हाला नव्याने शिकायची गरज नाही.

अर्थात, सगळंच दिसावं म्हणून प्रत्येकाचा मोठा स्कॅन काढा, असं माझं म्हणणं नाही. किरणांची मात्रा क्षेत्राबरोबर वाढते. एका दाढेसाठी अख्खं डोकं स्कॅन करणं मला गैरच वाटतं. क्षेत्र गरजेपुरतंच घ्यावं, मात्र जेवढं घेतलं तेवढं सगळं वाचावं. अमेरिकेतल्या मुख-रेडिओलॉजिस्टांच्या अकादमीने २००८ मध्ये हीच भूमिका मांडली. युरोपीय आयोगाची २०१२ ची मार्गदर्शक तत्त्वंही मोठ्या क्षेत्राचा स्कॅन रेडिओलॉजिस्टने वाचावा असं सांगतात. आपल्याकडे ओरल मेडिसिन अँड रेडिओलॉजी ही एमडीएसची, म्हणजे दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर पदवीची, स्वतंत्र शाखा आहे, म्हणजे वाचणारी माणसंही आहेत. तरी केंद्रांना निरोप जातो, "रिपोर्ट नको, नुसता डेटा पाठवा." रिपोर्टचे पैसे वेगळे पडतात आणि रुग्णाचा खर्च वाचवावा असा त्यामागे बऱ्याचदा चांगलाच हेतू असतो. माझ्या काही दंतवैद्य मित्रांना हे पत्र आवडणार नाही. पण मोठ्या स्कॅनच्या दरात रिपोर्ट धरलेलाच असावा, तो वेगळा विकायचा प्रकार नसावा. ठाणे आणि नवी मुंबईतल्या दंतवैद्यांच्या संघटनांनी आपसात एवढं ठरवलं तरी पुष्कळ होईल.

वाचकांनी स्कॅन करताना दोन गोष्टी विचाराव्यात. हा पूर्ण स्कॅन कोण वाचणार, आणि लेखी रिपोर्ट मिळणार का? फिल्मवरच्या प्रिंटमध्ये निवडक काप असतात, म्हणून सीडी किंवा लिंकवरची मूळ डायकॉम फाइल, म्हणजे सगळे काप असलेला पूर्ण डेटा, मागून घ्यावी आणि जपून ठेवावी. पूर्वी मोठा स्कॅन झाला असेल आणि रिपोर्ट कधीच मिळाला नसेल, तर ती जुनी फाइल आजही वाचून घेता येते. त्यासाठी पुन्हा किरण घ्यावे लागत नाहीत.

आपली,
एक दंत-रेडिओलॉजिस्ट, नेरूळ, नवी मुंबई
(रुग्णांची ओळख जपण्यासाठी नाव छापू नये, ही विनंती.)