भुवईवरचे तीन टाके

सोन्या,

काल व्हिडिओ कॉलवर तू घरात बसून टोपी काढेनास तेव्हाच मला समजलं होतं, भुवईला लागलंय ते. मग मी चिडले, बाबा मधे पडले, तू फोन ठेवलास. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही म्हणून हे लिहितेय, आणि ठरवून बसलेय की खेळताना डोळ्यांना लावायच्या गॉगलबद्दल एक अक्षर काढायचं नाही.

तू लीड्सहून पाँटेफ्रॅक्टला स्क्वॉश खेळायला जातोस याचा मला किती अभिमान वाटतो ते कालच्या भांडणात राहूनच गेलं. माल्कम विल्स्ट्रॉप सरांचा क्लब तो! त्यांच्या हाताखाली ली बीचिल २००४ मध्ये जगात एक नंबर झाला, सरांचा मुलगा जेम्स २०१२ मध्ये. वर शेफिल्डचा निक मॅथ्यू, तीनदा वर्ल्ड चॅम्पियन, हॅरोगेटची जेनी डंकाफ दोन नंबरपर्यंत गेलेली, आणि या दोघांना घडवणारे डेव्हिड पिअरसन सर. सगळे एका यॉर्कशायरचे! आपला सौरव घोषालसुद्धा लीड्सला शिकताना माल्कम सरांकडेच जायचा. २०२२ ला बर्मिंगहॅमला त्याने जेम्सलाच हरवून ब्राँझ घेतलं, आपलं कॉमनवेल्थमधलं सिंगल्सचं पहिलं मेडल, आणि तो कोर्टवर रडला तेव्हा तू पण उशीत तोंड घालून रडलास. मी पाहिलं होतं, बोलले नाही.

म्हणजे तू योग्य जागी आहेस हे मला पटलंय. फक्त तिथल्या माणसांकडून फटकेच शिकू नकोस, थांबणं पण शीक. मॅथ्यूच्या खांद्याचं ऑपरेशन झालं, २००८ मध्ये कित्येक महिने तो घरी बसला आणि २००९ ला येऊन ब्रिटिश ओपन जिंकला. जेम्सच्या खुब्याचं ऑपरेशन २०१४ च्या सुरुवातीला झालं आणि त्याच वर्षी तो ग्लासगोला कॉमनवेल्थची फायनल खेळला. पण बाळा, खांदा बरा होतो, खुबा बरा होतो, डोळ्याचं काय रे? तो बॉल खोबणीत बरोब्बर बसेल एवढाच असतो हे तूच मला बारा वर्षांचा असताना सांगितलं होतंस. एकोणीसपर्यंत सक्ती होती म्हणून घालायचास, वाढदिवस झाला नि बॅगेत गेला गॉगल. "मोठे कोणी घालत नाहीत" म्हणालास काल. रॅकेट दोन बोटं खाली आली असती तर?

बघ, आलेच शेवटी त्यावर. सॉरी. लेक्चर द्यायचं नव्हतं.

पण मी आण्णांची मुलगी आहे. डोळ्याला विटी लागल्यापासून ते जेवताना मान डावीकडे वळवून ताट बघायचे, आमटीची वाटी हाताने चाचपायचे, पाणी ओतताना भांड्याच्या काठावर बोट धरून ठेवायचे. तू त्यांना पाहिलं नाहीस. मला मात्र काल तुझी पट्टी दिसली आणि पहिलं ते बोट दिसलं.

तू नऊ वर्षांचा होतास तेव्हा दोन पिवळ्या ठिपक्यांचा बॉल मुठीत दाबून झोपायचास, का तर सकाळपर्यंत गरम राहील आणि नीट उसळेल म्हणून. मी हळूच काढून घ्यायचे, तळहाताला रबराचा वास यायचा. तिकडच्या थंडीत बॉल गरमच होत नाही म्हणालास, मग खेळायच्या आधी अंग तरी नीट गरम करतोस ना? पायमोजे दोन घालतोस ना?

जोशी काकूंची मेघना २२ ला निघतेय. तिच्याकडे मेतकूट, लसणाची चटणी आणि नवीन गॉगल देतेय. घाम आला की जुन्यावर वाफ धरायची म्हणायचास ना, याच्यावर धरत नाही असं दुकानदार म्हणाला, मी गॅसवरच्या पातेल्यावर धरून पण पाहिला. टाके काढायला कधी जायचंय ते कळव, आणि त्या दिवशी टोपी न घालता फोन कर.

आई